पट्टा बांधून ताकद येते का?

पोटाला पट्टा बांधा, बटण दाबा आणि बसल्या जागी स्नायू कमवा! अशा जाहिराती आपल्या मोबाइलवर रोज येतात. गुडघे दुखणाऱ्या अम्मीला आणि जिमला वेळ नसलेल्या मुलालाही मोह होतो. पैसे मोजण्याआधी यात खरे किती, ते पाहू या.

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूचा सूक्ष्म विद्युत संदेश मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत पोहोचतो आणि स्नायू आखडतो. हे यंत्र तोच संदेश कातडीवरून देते. इटलीच्या गॅल्वानींनी विजेने बेडकाचा पाय हलतो, हे १७९१ मध्येच जगासमोर मांडले होते. म्हणजे यंत्राचे मूळ तत्त्व खोटे नाही.

आजाऱ्यांना याचा खरा उपयोग होतो. लकव्यानंतर किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू सुकू लागतो. तेव्हा फिजिओथेरपिस्ट हा करंट देतात, पण सोबत व्यायामही करून घेतात.

धडधाकट माणसाचे गणित वेगळे आहे. बाहेरून दिलेला करंट तेच ते तंतू पुन्हा पुन्हा आखडवतो, म्हणून स्नायू लवकर थकतो. थोडी ताकद वाढू शकते. पण हृदय आणि फुप्फुसांना काम मिळत नाही, तोल सुधारत नाही आणि पोटाची चरबीही वितळत नाही. दहा मिनिटांत सहाशे उठाबशांचा फायदा, असे सांगून अमेरिकेत असे पट्टे विकले गेले. २००२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांना खोट्या दाव्यांबद्दल न्यायालयात खेचले.

धोकेही आहेत. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे यंत्र वापरू नये. फिट्स येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गळ्यावर किंवा छातीवर ते कधीही लावू नये. अति जोराच्या करंटने स्नायूंची इजा होऊन मूत्रपिंडावरही ताण येऊ शकतो.

मग करायचे काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. फजरनंतर हिमायत बागेत किंवा आमखास मैदानावर अर्धा तास झपझप चालले, तर पाच दिवसांत दीडशे मिनिटे भरतात. घराबाहेर पडणे जमत नसेल, तर हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. सजद्यातून उठताना जमिनीवर हात टेकावे लागू लागले, तर मांड्या अशक्त होत असल्याची ती खूण असू शकते. गुडघेदुखी किंवा जुना आजार असेल, तर पट्टा मागवण्याऐवजी घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे दाखवावे. यंत्राची गरज आहे की नाही, ते तपासून तेच सांगतील. पट्टा स्नायू हलवतो. पण जिना चढायची, नातवाला कडेवर घ्यायची ताकद आपल्याच हालचालीतून येते.