बाळ सांभाळते कोण?

मांजर आणि उंदीर यांचे वैर जगजाहीर आहे. पण घरातले तान्हे बाळ रांगत रस्त्यावर गेले आणि माणसांना त्याचा पत्ताच नसला, तर ही दोघे काय करतील? विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या अमेरिकी जोडीने १९५८ साली ‘टॉट वॉचर्स’ या व्यंगचित्रपटात याचे मोठे गमतीदार उत्तर दिले. १९४० पासून एम. जी. एम. या संस्थेसाठी त्यांनी केलेल्या टॉम आणि जेरीच्या ११४ लघुपटांपैकी हा शेवटचा.

कथा एवढीशीच आहे. आई बाहेर जाताना बाळाला एका तरुण मुलीच्या स्वाधीन करते. मुलगी टेलिफोनवर गप्पांत रंगते आणि बाळ आपले निघते रांगत. भांडण अर्धे टाकून टॉम त्याला परत आणतो. पण मुलीला वाटते, मांजरच बाळाला त्रास देते आहे! बिचाऱ्याच्या वाट्याला झाडूचा मार येतो. पुढे बाळ पोहोचते ते थेट एका उंच इमारतीच्या बांधकामावर. लोखंडी तुळयांवरून ते निर्धास्त रांगते आणि मांजर व उंदीर जिवावर उदार होऊन त्याच्यामागे धावतात. अखेर बाळ सुखरूप परत येते, तर पोलीस या दोघांनाच बाळ पळविल्याबद्दल धरतो! बाळ रांगत बांधकामावर गेले होते, यावर त्याचा विश्वासच बसत नाही. आणि त्याच वेळी बाळ त्याच्या गाडीवरून पुन्हा रांगत पुढे जाते.

मराठी वाचकाला येथे पंचतंत्रातले मुंगूस आठवल्यावाचून राहणार नाही. ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील ती कथा. आई पाण्याला जाते, राखण बापावर सोपविते. बापही घर सोडून जातो. बाळाजवळ आलेल्या सापाला मुंगूस ठार करते. परतलेली आई त्याचे रक्ताळलेले तोंड पाहते आणि भरली घागर त्याच्यावर घालते. झाडूने हसू येते, घागरीने डोळे पाणावतात. पण दोष दोन्हीकडे एकच. ज्याच्यावर राखण सोपविली त्याचे लक्ष दुसरीकडे होते, आणि ज्याने राखण केली शिक्षा त्यालाच.

पोलिसाला जे अशक्य वाटले, ते आम्हां सुरतकरांना अपरिचित नाही. बांधकामावर राबणाऱ्या आयांची मुले वाळूच्या ढिगाशी खेळताना आपण येता-जाता पाहतो. पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे कामावर असतील, तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी आणि ती मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली असावी, असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ठरविले. लहान कामे मात्र त्यातून सुटली.

आणि आपली घरे? खानदेशातून येऊन उधना-लिंबायत भागांत स्थिरावलेल्या कितीतरी कुटुंबांत आई-वडील दोघेही कमावतात. त्या मुलीच्या टेलिफोनची जागा आता मोबाईलने घेतली आहे, आणि मूल रडले की तोच त्याच्याही हाती दिला जातो. पूर्वी बाळाला शेजारणीची मांडी मिळे. आता मांजर-उंदरांची ही चित्रेच त्याची राखणदार होऊन बसली आहेत.

व्यंगचित्रे दाखवू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. मात्र ती मुलाच्या शेजारी बसून पाहावीत. टॉम आणि जेरी सहसा बोलत नाहीत, ही तर मराठी आजीची मोठीच सोय! त्यांच्या तोंडी शब्द तिने घालावेत. दिवसभर शाळेत गुजराती किंवा इंग्रजी ऐकणाऱ्या नातवाच्या कानांवर त्या निमित्ताने ‘अगं बाई, निघाले की हे पुन्हा!’ असे घरचे मराठी पडेल. खेळ तर सहा-सात मिनिटांचाच. तो संपल्यावर मोबाईल बाजूला ठेवावा आणि मुंगसाची गोष्ट सांगायला घ्यावी.