कोमट समुद्रातही अंग गार पडते

सुट्टीत आपण मुलांना घेऊन अलिबागला जातो. मे महिन्यात तिथे समुद्राचे पाणी साधारण ३० अंश सेल्सिअस असते, जानेवारीत २५-२६. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनला अटलांटिकच्या बाजूचे पाणी ऐन उन्हाळ्यातही बहुधा १५ अंशांच्या आसपासच असते. तिथे पाण्यात शिरताच धाप लागते, म्हणून माणूस लगेच बाहेर येतो. आपल्याकडे पाणी कोमट लागते, म्हणून मुले तासन्‌तास डुंबतात. फसगत होते ती इथेच.

आपले शरीर ३७ अंशांचे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. लहान, अंगाने बारीक मुले लवकर गार पडतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्यांना बाहेर बोलवा. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले, तर ओले कपडे काढा, अंग पुसा, चादरीत गुंडाळा, कोमट गोड पाणी पाजा. मूल सुस्तावले, बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करा.

मोठ्यांनी दारू पिऊन पाण्यात उतरू नये. दारूने ऊब वाटते, पण अंग जास्तच गार पडते. आणि पावसाळ्यात पाणी कितीही कोमट असो, समुद्रात उतरूच नका.