नाव वाचले, पण राजा कोणता?

वऱ्हाडात शेत नांगरताना किंवा जुन्या घराचा पाया खणताना कधी कधी एखादे मडके लागते आणि त्यातून बोटाच्या पेराएवढी काळवंडलेली नाणी निघतात. आपल्या मनात पहिला विचार येतो तो चांदीच्या भावाचा. वास्तविक त्या नाण्याचे खरे मोल त्यावरील अक्षरांत असते.

अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथे मिळालेल्या नाण्यांचेच उदाहरण घेऊ. वजन सुमारे 2 ग्रॅम. एका बाजूस उजवीकडे पाहणारे राजाचे मुख. दुसरीकडे बसलेला नंदी व त्याच्या भोवती ब्राह्मी अक्षरे. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे एका नाण्यावर सारी अक्षरे उमटत नाहीत. अनेक नाणी शेजारी शेजारी ठेवून लेख पुरा करावा लागतो. तो असा : ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’. म्हणजे राजा शिवभक्त, आईबापांच्या चरणांचे चिंतन करणारा, आणि नाव कृष्णराज.

मग ओळख पटली ना, असे आपण विचाराल. पण घोटाळा येथूनच सुरू होतो! कृष्ण नावाचे राजे अनेक झाले. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचे नाव जोडले जाते, तो राष्ट्रकूट पहिला कृष्ण हाच हा राजा, असे पूर्वीच्या काही विद्वानांस वाटले. त्याची कारकीर्द इ. स. 756 ते 773 च्या सुमाराची.

हा निवाडा फिरवला एका ताम्रपटाने. नाशिकजवळच्या अंजनेरी येथे भोगशक्ती नावाच्या राजाचा ताम्रपट मिळाला. तो कलचुरी संवत् 461 चा, म्हणजे इ. स. 710 च्या सुमाराचा. आणि त्यात ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्याचा उल्लेख आहे. आता पाहा, जो राजा 756 मध्ये गादीवर आला, त्याचे नाणे 710 मध्ये कसे चालेल?

तेव्हा कृष्णराज त्याहून जुना हवा. नाण्यावरील अक्षरांचे वळणही जुनेच आहे. नाशिक जिल्ह्यातीलच अभोणे येथील ताम्रपट इ. स. 595 च्या सुमाराचा असून तो कलचुरी राजा शंकरगणाचा आहे. या शंकरगणाचा पिता कृष्णराज. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला हाच आपल्या नाण्याचा धनी. म्हणजे त्याच्यामागे शंभरावर वर्षे त्याच्या रूपकाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले होते. कलचुरींचे हे सारे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी 1955 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकत्र संपादिले आहेत.

म्हणून एवढेच सांगणे आहे. नाणे सापडले तर ते चिंच लावून घासू नका, आटवू तर मुळीच नका. कोठे, कशात आणि किती सापडले ते लिहून ठेवा. 10 रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा 1878 पासूनचा कायदाच आहे. आटवलेली चांदी पुन्हा बाजारात मिळेल. पुसलेले अक्षर मात्र परत मिळत नाही.