हृदयाचे बोल ऐका

‘डॉक्टर, नुसती नळी लावून काय कळतं?’ असे रुग्ण मला विचारतात. पुष्कळ कळते! हृदय ‘लब-डब’ बोलते. ‘लब’ हा वरच्या-खालच्या कप्प्यांमधील झडपा मिटल्याचा आवाज. ‘डब’ हा मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा. आकुंचन दुबळे झाले की ‘लब’ मंदावतो. चाळिशीनंतर ‘डब’पाठोपाठ तिसरा आवाज आला, तर हृदय थकल्याची शंका मी घेतो. ईसीजीबरोबर हे आवाज यंत्राने नोंदवले, तर विद्युतसंदेशापासून ‘लब’पर्यंतचा वेळ मोजता येतो, दुबळ्या हृदयात तो लांबतो. ना सुई, ना चिरफाड! खात्री इकोने करावी. चालताना धाप लागत असेल, पाय सुजत असतील, तर ‘वय झालं’ म्हणून दुखणे अंगावर काढू नका. वेळीच छाती तपासून घ्या.