पदवीधरांचे पुढे काय?

निजामी राजवटीत या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास विद्यापीठ पाहावयाचे तर हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि ती पायपीट संपली. पुढे 2004 साली त्याचे उपकेंद्र खुद्द धाराशिवात आले. विद्या दाराशी आली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु पदवी हाती पडल्यावर येथील तरुण काय करतो? तो पुण्यास खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची पुस्तके पाठ करतो, नाहीतर बारावी उत्तीर्णांसाठी असलेल्या पोलीस शिपायाच्या भरतीकरिता पहाटे मैदानावर धावतो.

विद्यापीठ म्हणजे नोकरी देणारी कचेरी नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. आम्ही स्वतः कलाशाखेचे. काव्य आणि इतिहास यांनी माणूस घडतो, यावर आमची श्रद्धा आहे. पण वर्गावर असताना आम्हीही मुलांकडून निबंध घोटवून घेतले आणि साधा अर्ज लिहिणे शिकवावयाचे विसरलो, हे कबूल केले पाहिजे. जिल्ह्याचे जुने नाव धारण करणारी उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध आहे. प्राणिशास्त्राच्या किती पदवीधरांनी तिचा कळप जवळून अभ्यासला असेल? भूमच्या खव्याची भट्टी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास, बाजार समितीची खातेवही वाणिज्याच्या विद्यार्थ्यास कोणी दाखविली आहे काय?

सरकारने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधरास दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन आणि आरंभी सहा महिन्यांची मुदत! हेतू चांगला, परंतु कचेरीत टपाल नोंदवून मुदत संपली की तरुण पुन्हा रस्त्यावर, असे होत असेल तर त्यास प्रशिक्षण कसे म्हणावे? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. पुण्यातील महाविद्यालयास त्यासाठी कारखाने शोधावे लागत नाहीत. परंड्याच्या किंवा वाशीच्या महाविद्यालयाने विद्यार्थी पाठवावेत कोठे? दूध संकलन केंद्रे, साखर कारखाने, बँकांच्या शाखा आणि सहकारी संस्था यांच्याशी उपकेंद्राने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून लेखी करार केले पाहिजेत, आणि ते पुढील वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी झाले पाहिजेत.