माणूस काढता येत नाही

शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा. स्थिरचित्र कसंबसं निभावतं, संकल्पचित्रात फुलंपानं काढून वेळ मारून नेता येते. पण स्मरणचित्राचा कागद पुढे आला की पोटात गोळा येतो. त्यात माणसं काढायची असतात! मी ती टोपल्यांमागे, छत्र्यांखाली लपवत असे.

आमच्या सरांनी हिशेब शिकवला होता : डोक्याच्या साडेसातपट उंची. मी पट्टीनं मोजून पाणी भरणारी बाई काढली. ती फोटोसाठी ताठ उभी राहिल्यासारखी दिसत होती. सरांनी तिच्यावर लाल रेघ ओढली, वर्ग हसला आणि मी पुढं कित्येक वर्षं माणूस म्हणून काढला नाही.

हिशेब अर्थात सरांचा नव्हता. डोकं म्हणजे उंचीचा आठवा भाग, असं दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनं लिहून ठेवलं. त्यावरून १४९०च्या सुमारास लिओनार्दोनं वर्तुळाचौकोनात हातपाय पसरलेला माणूस रेखाटला. इटलीच्या एक युरोच्या नाण्यावरही तोच आहे.

पुढं एका लग्नासाठी डहाणूकडे गेले, तेव्हा कुडाच्या भिंतीवर सवाशिणींनी काढलेला वारली लग्नचौक पाहिला. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची चेचलेली काडी. माणूस म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल. नाकडोळे नाहीत, मापाचा पत्ता नाही. पण सगळी गंमत त्या टोकांच्या सांध्यात, कंबरेत! वरचा त्रिकोण पुढं झुकला की बाई भात लावू लागते. मागं कलला की माणूस नाचू लागतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी बायकांच्या हातची ही माणसं १९७०च्या दशकात भिंतीवरून कागदावर आणली, शेतात, जत्रेत, तारप्याच्या नाचात मोकळी सोडली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

घरी येऊन नातीच्या वहीत मी दोन त्रिकोण काढले. पहिली बाई पुन्हा ताठच! दुसरीचा वरचा त्रिकोण भीतभीत तिरका केला.

"पडतेय का गं ही?" मी विचारलं.

"नाही आजी, वाकलीय," असं म्हणून नातीनं पेन्सिल घेतली आणि तिच्यापुढं नळ काढला.