बजेट कमी आहे? माउंटन बाइक घेण्याआधी हे तपासा

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. ती शर्यत डांबरी रस्त्यावरची होती. अंजनेरीच्या पायथ्याच्या खडकाळ वाटेला मात्र वेगळी सायकल लागते.

पुढे-मागे सस्पेन्शन असलेली स्वस्त सायकल दिसायला भारी वाटते. पण ती जड असते आणि चढावर तुमची ताकद मागच्या स्प्रिंगमध्येच वाया जाते. त्याच पैशात फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल घेतली, तर फ्रेम, गिअर आणि ब्रेक बरे मिळू शकतात.

गिअर किती आहेत यापेक्षा ते नीट पडतात का, हे चालवून बघा. उतारावर सगळी मदार ब्रेकवर असते. पावसात, चिखलात डिस्क ब्रेक जास्त भरवशाचे.

साइजही बघा. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिल्यावर दांड्याच्या वर साधारण पाच सेंटिमीटर जागा हवी.

हेल्मेट आणि पंक्चर किटचे पैसे आधीच बाजूला काढा. आणि फक्त गंगापूर रोडवरच फिरणार असाल, तर माउंटन बाइक नकोच. हायब्रीड घ्या, कमी दमाल.